एका शिंगाचा सौदा

"ती शेंबी जोडीतली हाय, डाक्टरीनबाई. एक माझ्या खिशात, दुसरी ह्याच्या डोस्क्यात. काढली की माझ्या हातात द्या, म्हंजे मी गावाकडं जायला मोकळा."

त्या दुपारी अपघात विभागात माझ्याशी सगळ्यात आधी बोलला तो हा माणूस. तो रुग्ण नव्हता, रुग्णाचा नातेवाईकही नव्हता. तो बैलाचा मालक होता.

रुग्ण त्याच्यामागे बाकावर बसला होता. डोक्यात एवढी मोठी वस्तू घेऊन माणसं सहसा आडवी येतात. हा ताठ बसलेला, रक्ताळलेला फेटा मांडीवर, आणि डाव्या कानाच्या जरा पुढे, कानशिलातून पितळेचं एक नरसाळं बाहेर आलेलं. भोवती गर्दी. गर्दीतला एकेक जण पुढे येऊन, एक डोळा मिटून, त्या नरसाळ्यात डोकावत होता.

"काय दिसतंय का रं?"

"अंधार हाय निस्ता."

"त्याचं डोस्कं हाय, अंधारच असायचा."

आमच्या धंद्यात असं काही हाताला लागलं की त्यावर लेख लिहायचा असतो. ठरलेली शीर्षकं असतात: रुग्ण, वस्तू, तपासणी, संमती, शस्त्रक्रिया, चर्चा. मी लिहिला, छापूनही आला, दीड पान. त्यातलं वाक्यन् वाक्य खरं आहे आणि त्या दुपारी काय झालं हे त्यात कुठेच नाही. आता मी निवृत्त आहे, कुणाच्या बापाला भीत नाही. तीच शीर्षकं घेते आणि पुन्हा सांगते.

रुग्ण

येताळा काळेल. वय पंचावन्नच्या आसपास. त्याला विचारलं असतं तर त्याने गिऱ्हाईक बघून सांगितलं असतं.

धंदा बैलांच्या दलालीचा. जनावरांच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभं राहायचं, दोघांना खोटं सांगायचं आणि दोघांनी खूश होऊन घरी जायचं, असा तो धंदा. ह्याच्या डोक्यात अंधारच असायचा, असं म्हणाला तो दस्तगीर मुलाणी, दुसऱ्या बाजूचा दलाल. हे दोघे तरुणपणापासून एकमेकांसमोर उभे राहून एकमेकांची आयमाय काढत आलेले. येताळाला टेम्पोत घालून त्यानेच आणलं होतं.

"काय झालं नेमकं?" मी त्याला विचारलं.

"यात्रेचा बाजार व्हता. खिलार बैल, पांढराशिपत, शिंगं ही अशी. ह्या मालकानं शिंगास्नी तेल लावून टोकावर पितळंच्या शेंब्या चढवल्याल्या, नवरदेवावानी. मी इकनाराकडनं, ह्यो घेनाराकडनं. घेनाराच्या दलालानं जनावराला नावं ठिवायची असत्यात, बाई. रीतच हाय ती."

"बरं, मग?"

"ह्यानं दातात खोट काढली, बैल गप. खुरात काढली, बैल गप. मग तोंडापशी वाकून म्हनला, ह्याची आई वांझ व्हती."

"आणि?"

"आनि मग बैलानं मान हलिवली."

बैलाच्या मालकाने मध्येच तोंड घातलं. "माझं जनावर गरीब हाय."

"गरीबच हाय," दस्तगीर म्हणाला. "पर आईवरनं कोन ऐकून घेईल?"

वस्तू

पितळी शेंबी. टोक आत, तोंड बाहेर. बैलाने मान मागे घेतली तेव्हा शिंग निघून गेलं, टोपी राहिली. कानशिलाजवळचं हाड कवटीत सगळ्यात पातळ असतं आणि शेंबी नेमकी तिथूनच आत शिरली होती, बोटभर तरी.

येताळाचा धाकटा भाऊ बिरा हा भक्कम बांध्याचा, कामसू माणूस. त्याला या प्रकरणात एकच अडचण दिसत होती.

"पक्कड हाय का दवाखान्यात?"

"कशाला?"

"उपसतो की. मला एक मिनिट द्या. ह्या दस्तगीरनं बाजारात हात लावू दिला न्हाई."

"त्यानं बरं केलं," मी म्हटलं.

"मी कुठं बरं केलं," दस्तगीर म्हणाला. "मला रगत बघून चक्कर येती. म्हनलं जाऊस्तवर ऱ्हाऊ दे आतच."

मी बिराला समजावलं. ती शेंबी आता बूच आहे. आत ज्या रक्तवाहिन्या फाटल्यात त्या तिनेच दाबून धरल्यात. बूच ओढलं तर आत काय फुटलंय हे कळायच्या आत माणूस जाईल. म्हणून आधी भोवतीचं हाड कापून खिडकी करायची, शेंबी आत कुठवर गेलीय ते डोळ्यांनी बघायचं, रक्त थांबवायची तयारी ठेवायची आणि मग ती ज्या रेषेत गेली त्याच रेषेत, न हलवता, न पिळता, मागे आणायची.

"म्हंजे उपसायचंच की शेवटाला," बिरा म्हणाला.

मुद्दा बिनतोड होता.

तपासणी

"तुमचं नाव काय?"

"बोंबल," येताळा म्हणाला.

"आज वार कोणता?"

"बोंबल."

"डोकं दुखतंय?"

"बोंबल!"

मेंदूत बोलण्याची जी जागा असते तिथे धक्का बसला की असं होतं. सगळे शब्द जातात आणि एखादाच उरतो. कोणता उरावा याला काही नियम नाही. कुणाचा देव उरतो, कुणाची शिवी. दिवसभर बाजारात ओरडणाऱ्या माणसाचं 'बोंबल' उरलं यात नवल नव्हतं. माझं म्हणणं त्याला किती कळत होतं, हेही सांगता येईना. 'डोळे मिटा' म्हटलं की कधी मिटायचा, कधी माझ्याकडे बघून हसायचा.

चेहऱ्याची उजवी बाजू किंचित ओघळलेली. उजवा पाय हलत होता, पण जड. उजवा हात मी वर उचलून सोडला. तो ओल्या टॉवेलसारखा खाली पडला. बोटांची नखं दाबून बघितली. काही नाही. शून्य.

त्याची बायको इठाबाई बाकाच्या टोकाला बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मी सोडून दिलेला तो हात तिने उचलला, आपल्या मांडीवर ठेवला आणि त्याच्यावरून हात फिरवत राहिली.

सीटी स्कॅनमध्ये पितळेने घोळ घातला. धातू असला की चित्रात चहूबाजूंनी रेघा उमटतात. पोरांनी सूर्य काढावा तसं ते चित्र दिसत होतं, आणि मला जे बघायचं होतं ते त्या सूर्याखाली. एवढं कळलं की आत रक्त साचायला लागलंय, मेंदूला सूज येतेय आणि शेणामातीतलं, तेलातलं जे काही शिंगावर होतं ते सगळं आत गेलंय. संध्याकाळच्या आत डोकं उघडायला हवं होतं. नाहीतर उघडण्यात अर्थ उरला नसता.

संमती

छापलेल्या लेखात इथे एकच वाक्य आहे: 'नातेवाइकांची लेखी संमती घेण्यात आली.'

आता ऐका.

येताळाला कुणीच नसतं तर सोपं होतं. बेवारस माणसाच्या जिवावर बेतलं तर दोन डॉक्टरांनी सही करायची आणि कामाला लागायचं. पण याला अख्खी भावकी होती. टेम्पोतून आलेली, मागाहून जीपमधून आलेली, एसटीने येत असलेली. मी व्हरांड्यात उभी राहून त्यांना सगळं सांगितलं.

"वाचंल का पर?" कुणीतरी विचारलं.

"शंभरात साठ."

साठ मी कुठून आणले? त्या काळी या विषयावर जगात मोजके लेख होते आणि त्यातला एकही शेंबीवर नव्हता. मी चेहरा गंभीर केला आणि ठोकून दिलं.

"साठ?" दस्तगीर पुढे आला. "बाई, साठ लई कमी झालं. ऐंशी तरी करा."

"मी वांगी विकायला बसलेय का?"

"मग पंच्याहत्तर. तुमचं ऱ्हाऊ द्या, माझं ऱ्हाऊ द्या."

"साठ," मी म्हटलं. "आणि अजून तासभर घोळ घातला तर चाळीस."

"अरारा," तो म्हणाला. "ह्यांनी बाजारात पायजे व्हतं."

बिरा मात्र हलेना. त्याच्या मेव्हण्याचं डोकं एकदा मोठ्या शहरात उघडलं होतं. तो गाडीत बसून गेला आणि गाडीत आडवा आला. "डोस्कं उघाडलं की मानूस संपला," एवढं त्याने धरून ठेवलं होतं. तो माझ्याशी वाद घालत नव्हता. तो इठाबाईकडे वळला.

"वैनी, अंगठा तुझा लागनार. दिलास आनि काय झालं, तर वैनीनं दादाला कापाया दिला असं समदं गाव म्हनंल. मी न्हाई म्हननार. गाव म्हनंल."

म्हणजे तोच म्हणणार होता. तिलाही ते कळलं, मलाही. अंगठा दिला आणि नवरा गेला तर त्या घरात, त्या गावात तिने पुढची वर्षं कशी काढायची, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. नाही दिला आणि तो गेला, तर देवाची मर्जी. सगळे तिच्याबरोबर रडले असते.

"इठाबाई," मी म्हटलं, "वेळ नाही."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "त्यास्नी इचारा," ती म्हणाली. "डोस्कं त्यांचं हाय. ते व्हय म्हनले तर माझं व्हय, न्हाई म्हनले तर न्हाई."

"ते बोलू शकत नाहीत हो."

"इचारा तर खरं."

मी विचारलं. बाकासमोर उकिडवी बसून, भावकीच्या देखत, हळू आवाजात, एकेक शब्द. "येताळा, डोक्यातली शेंबी काढायची का?"

त्याने बराच विचार केल्यासारखं केलं. सगळा व्हरांडा वाकून ऐकत होता.

"बोंबल," तो म्हणाला.

"न्हाई म्हनला," बिरा म्हणाला.

"व्हय म्हनला," दुसऱ्या कुणीतरी म्हटलं.

यावरून दोन तट पडले.

मी वैतागून आत गेले. भूल देणारे डॉक्टर अंतरकर तयार होऊन बसले होते. "शिंग काढतेयस तर शेपूट पण लाव," असं काहीतरी ते म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले. मग वरिष्ठांना फोन लावला. ते पुण्यात एका लग्नात होते. "लेखी घे, लेखी घेतल्याशिवाय हात लावू नकोस," ते म्हणाले आणि त्यांच्यामागे सनई वाजत होती.

मी बाहेर आले तेव्हा इठाबाई आणि दस्तगीर व्हरांड्याच्या टोकाला नळापाशी उभे होते. ती तोंडावर पाणी मारत होती. तो खाली मान घालून ऐकत होता. मला बघून दोघं वेगवेगळ्या दिशांना गेले.

संमती (हे शीर्षक मुळात नव्हतं)

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोन दलाल समोरासमोर येतात, हातात हात घेतात, वरून रुमाल टाकतात. आत बोटं बोलतात: किती बोटं धरली, कशी धरली, त्यावरून आकडा. वर दोघांची तोंडं भलत्याच गोष्टी बोलत असतात. भोवतालच्यांना काही कळत नाही, कळू द्यायचं नसतं. मग हात बाहेर येतात, टाळी पडते, आणि टाळी पडली की सौदा झाला. त्यानंतर बाप आला तरी मोडत नाही. रुमालाखाली काय ठरलं हे कुणी विचारत नाही. विचारणारा माणूस अडाणी ठरतो.

दस्तगीरने खांद्यावरचा रुमाल झटकला.

"सरका," तो म्हणाला. "त्याचं तोंड बंद झालंय. हात हाय न्हवं?"

भावकी सरकली. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांच्या अंगावर जाणारी ती माणसं एकदम शहाणी झाली, गोल करून उभी राहिली. हे त्यांना कळत होतं. माझी सीटीची चित्रं कळत नव्हती, हे कळत होतं.

दस्तगीर येताळासमोर मांडी घालून बसला. त्याने इठाबाईच्या मांडीवरचा उजवा हात उचलून घेतला आणि वर रुमाल टाकला.

जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

दस्तगीर: साठ म्हनत्यात बाई. (रुमाल हलतो.)

येताळा:

दस्तगीर: अरं, साठ म्हंजे काय वाईट न्हाई. मागल्या साली तुझ्या त्या लंगड्या खोंडाला एवढी बी आशा नव्हती. (रुमाल हलतो.)

येताळा:

दस्तगीर: आँ? नव्वद? शरम हाय का रं तुला? डोस्क्यात नरसाळं घिऊन नव्वद मागतोस? (मान जोरात हलवतो. रुमाल हलतो.)

येताळा:

दस्तगीर: बगा, बगा कसा दाबतोय. मरायला टेकलाय पर पाच सोडत न्हाई. आरं, तुझं बी ऱ्हाऊ दे, बाईंचं बी ऱ्हाऊ दे.

येताळा: बोंबल.

दस्तगीर: तोंडानं न्हाई बोलायचं! (रुमाल बराच वेळ हलतो. मग थांबतो.)

येताळा:

दस्तगीरच्या कपाळावर घाम आला होता. त्याने रुमाल झटकन बाजूला केला, डाव्या हाताने येताळाचं मनगट धरून त्याचा पंजा वर उचलला आणि उजव्या हाताने त्यावर अशी टाळी मारली की आतून परिचारिका धावत आली.

"झाला सौदा! पंच्याहत्तरला तयार हाय!"

"मी साठ म्हटलं होतं," मी म्हटलं.

"ते तुमी आनि तो बगून घ्या. मी आपला मधला मानूस."

बिरा पुढे आला. "खरं सांग, दस्तगीर. व्हय म्हनला दादा?"

दस्तगीर उठून उभा राहिला. रुमाल पुन्हा खांद्यावर टाकला. "बिरा, तुझ्या बापाचा हात माझ्या बापानं किती येळा रुमालाखाली धरला आसंल? कवा कुनी इचारलं?"

बिरा बाजूला झाला. भावकी बाजूला झाली. मला वाट मिळाली.

इठाबाईने डाव्या अंगठ्याला शाई लावून घेतली आणि कागदावर टेकवला. मी तो कागद घेऊन आत पळाले.

शस्त्रक्रिया

या शीर्षकाखाली मूळ लेखात सगळ्यात जास्त मजकूर आहे. इथे थोडक्यात, कारण यात बोलणारं कुणी नाही.

डोकं भादरलं. शेंबीभोवती हाडाची चकती कापली, शेंबी मध्ये तशीच ठेवून, जशी फणसाच्या देठाभोवती सुरी फिरवावी. हाडाच्या आतल्या बाजूने जाणारी धमनी फाटलेली होती, ती डागली. मेंदूवरचं जाड आवरण कापून बाजूला केलं, आणि शेंबीचं टोक दिसलं. एवढं नीट बसलं होतं की क्षणभर वाटलं, ते तिथलंच आहे.

"ओढ," अंतरकर म्हणाले.

"थांबा."

"किती थांबायचं? त्याचा रक्तदाब बघ."

मी शेंबी चिमट्यात धरली आणि आली त्या वाटेने मागे आणली. केसभरही तिरकी होऊ न देता. ती निघाली, आणि तिच्या मागून काळं रक्त वर आलं. शांतपणे, विहिरीला पाणी लागावं तसं. मला काहीच दिसेना. अशा वेळी हात घाई करतात, आणि तिथे घाईने चिमटा लावला तर माणूस वाचतो पण त्याचं नाव, गाव, बोलणं चिमट्यात येतं. मी ओल्या कापसाच्या पट्ट्या ठेवल्या आणि नुसतं दाबून धरलं.

अंतरकरांनी रक्ताची आणखी एक बाटली लावली.

मग पट्टी उचलली. थांबलं होतं.

पुढचं काम मोलकरणीचं. हाडाचे तुकडे, केस, गवताची काडी, आणि शेंबी घट्ट बसावी म्हणून मालकाने आत कोंबलेली चिंधी, लाल काठाची. सगळं वेचलं, धुतलं, परत धुतलं. मांडीच्या स्नायूवरच्या पडद्याचा तुकडा काढून मेंदूच्या आवरणाला ठिगळ लावलं. झालं.

शेंबी पोलिसांनी मुद्देमाल म्हणून नेली. आरोपी कोण हे त्यांना सांगता येईना. बैलाचा मालक त्यांच्या मागे मागे गेला.

शस्त्रक्रियेनंतर

रोज सकाळी मी जायचे. "नाव काय?" "बोंबल." उजव्या हाताच्या बोटांत माझी बोटं द्यायचे, "दाबा" म्हणायचे. काही नाही. ताप आला, गेला, पुन्हा आला. आत पू झाला की काय म्हणून मी धास्तावले होते.

व्हरांड्यात बिरा बसून असायचा. आता त्याने इठाबाईकडे बघणं सोडलं होतं. तो दस्तगीरकडे बघायचा.

"पंच्याहत्तर म्हनला व्हतास."

"म्हनलो व्हतो."

"हे पंच्याहत्तर हाय व्हय? बोलत न्हाई, हालत न्हाई."

"माल नेल्यावर चार दिस लागत्यात रुळायला," दस्तगीर म्हणायचा, आणि बिराच्या हातापासून सुरक्षित अंतरावर बसायचा. पण रोज यायचा. बाजाराच्या दिवशीसुद्धा आला. त्या दिवशी तो काही खात नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "हा बाजारात असला की मला जेवन पचत न्हाई. नसला की जात न्हाई."

इठाबाई तो हात मांडीवर घेऊन बसलेली. तिला काही विचारलं की ती म्हणायची, "बगू."

मग एका सकाळी मी विचारलं, "नाव काय?" त्याने माझ्याकडे रोखून बघितलं.

"बोंबल," तो म्हणाला. मग तोंड वेडंवाकडं करत, जड ओझं ढकलल्यासारखं, "ये… येताळा. रोज… काय… इचारती… ही बाई?"

व्हरांड्यात बिरा उभा राहिला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. दस्तगीर लांबून ओरडला, "पंच्याहत्तर!" आणि पळाला.

हाताला आणखी वेळ लागला. आधी अंगठा हलला, मग बाकीची बोटं, कुरकुरत.

चर्चा

इथे लेखात संदर्भ येतात. माझ्याकडे एकच आहे.

बऱ्याच महिन्यांनी तो तपासणीला आला. केस वाढलेले, फेटा नवा, कानशिलावर खळगा. बोलताना मध्येच एखादा शब्द अडायचा, मग तो पाय आपटून शब्द बाहेर काढायचा. माझ्याबरोबर शिकायला आलेली चार-पाच मुलं होती. त्यांना बघून त्याला चेव आला. गिऱ्हाईक मिळालं होतं.

"ह्या तुमच्या बाई साठावर अडून बसल्या व्हत्या," तो मुलांना सांगायला लागला. "तोंड माझं बंद. दस्तगीरनं हात धरला, रुमाल टाकला. म्या म्हनलं, गड्या, साठावर डोस्कं द्याला मी काय येडा हाय? दाबलं त्याला. नव्वद दाबलं. त्यो पासष्ट म्हनतोय. म्या म्हनलं जा. शेवटाला ऐंशीवर आनला त्याला. ऐंशी! डोस्क्यात शिंग असताना!"

मुलं खूश झाली. एकाने विचारलं, "काका, तुम्हाला सगळं आठवतं?"

"आठवतं म्हंजे? सौदा कोन इसरतं व्हय? हिला इचारा."

"व्हय," इठाबाई म्हणाली.

तो आणखी रंगात आला. मी त्याचा उजवा हात हातात घेतला, दाबायला सांगितलं. त्याने इतका दाबला की माझी अंगठी रुतली. मी मुलांना वॉर्डात पाठवलं. तोही फेटा सावरत बाहेर गेला. दस्तगीर खाली चहाच्या गाड्यावर थांबला होता आणि चहा कुणी पाजायचा यावर त्यांचं भांडण अर्धं राहिलं होतं.

इठाबाई पिशवीत औषधं भरत बसली. मी दार लोटलं.

"इठाबाई, एक विचारू? त्या दिवशी तो हात…"

"मेल्याला व्हता," ती म्हणाली. "सकाळधरनं माझ्या मांडीवर व्हता, बाई. नवऱ्याचा हात जित्ता हाय का मेल्याला, हे मला कळत न्हाई व्हय?"

"मग दस्तगीरला नळापाशी…"

"म्याच सांगितलं. म्हनलं, तू खोटं बोलून जनम काढलास, आज एक माझ्यासाठी बोल. त्यो भ्याला. म्हनला, वैनी, मेला तर बिरा मला कापंल. म्या म्हनलं, तुला पळता येतं, मला त्या घरात ऱ्हायाचंय." औषधाची बाटली तिने उजेडात धरून बघितली, पिशवीत टाकली. "आनि तुमी तरी काय? तुमीच तो उचलून सोडला व्हता माझ्या म्होरं. तुमी का न्हाई बोलला?"

मी टेबलावरचा कागद सरळ केला. तो सरळच होता.

"त्यांना सांगणार आहात का कधी?" मी विचारलं.

"काय सांगू?"

"की तुम्ही त्यांना न विचारता…"

"आता व्हय म्हनत्यात की. समद्या बाजारात सांगत फिरत्यात, मीच व्हय म्हनलो म्हनून." तिने पदर डोक्यावरून घेतला, पिशवी उचलली. "जरा मागनं म्हनले, एवढंच."

तिने दार उघडलं. तो चहाला गेलाच नव्हता. बाहेरच्या बाकावर, पाय प्लॅस्टरमध्ये घातलेल्या एका माणसाला त्याने धरलं होतं. भाव पंच्याण्णववर गेला होता.